धनेशाचा कागद

सौदी अरेबियातल्या ताइफच्या विद्यापीठात मी आफ्रिकेतल्या आणि इथल्या डोंगरांतही आढळणाऱ्या पक्ष्यांवर संशोधन करते. आमच्या विभागाचे कारकून मूळचे रत्नागिरीचे. शिक्का मारला की त्यावर तीनदा फुंकर घालून ते "खलास!" म्हणतात, तोवर समोरच्याने श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

पंख मोडलेला आफ्रिकन धनेश आमच्याकडे बरा झाला, तेव्हा त्याला डोंगरात सोडायला मी निघाले. कारकुनांनी दारातच पिंजरा अडवला. "आत आल्याची नोंद आहे, मॅडम. बाहेर जायचा कागद कुठाय?"

"अहो, पक्षी आहे तो!"

"म्हणून काय झालं? सही येत नसेल तर अंगठा घेऊ."

आणि खरंच त्यांनी धनेशाचा पाय शाईच्या पॅडवर टेकवला. धनेशाने त्यांचं बोट कडकडून चावलं. "सॉरी हां, मामू," असं त्यालाच म्हणत त्यांनी कागद पुरा केला.

मी तो वाचला. नोकरी सोडून कायमचं जाणाऱ्यांना देतात ते 'फायनल एक्झिट' खोडून त्यांनी 'एक्झिट रीएंट्री' लिहिलं होतं, सुट्टीवर जाऊन परतणाऱ्यांचं.

"हा कुठला परत येतोय?" मी म्हटलं.

"नाही येणार," चावलेलं बोट चोखत ते म्हणाले. "पण दार आपण कशाला लावायचं?"