खताच्या गोणीतला सीपीयू

मंडळी, महाडात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, पण आज दासगावात माझी पार जिरली.

तिथल्या सुलभाकाकी गावाचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांचा कॉम्प्युटर दहा मिनिटांत तापून बंद पडायचा. मी दोनदा दुकानात आणून पंखा साफ केला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. दुकानात दिवसभर चालायचा, घरी गेला की बंद. उद्या फॉर्मची शेवटची तारीख, म्हणून आज मीच त्यांच्या घरी गेलो.

बघतो तर सीपीयू माळ्यावर! तोही खताच्या गोणीत, तोंड सुतळीने आवळलेलं, फक्त वायरी खाली टेबलावर सोडलेल्या.

"काकी, ह्याला हवा कुठून लागणार?" मी ओरडलोच.

"पयला पुरात गेला ना रे! आता पाणी माळ्यावर चढला तरी ह्यो सुका ऱ्हायल."

गोणी काढली. तासभर चालला, बंद पडायचं नाव नाही. मग मला जोर आला. "एवढं घाबरतात का कुणी?"

"त्या पुरात तुझ्या दुकानातले किती वाचले रे?"

एकही नाही. सगळे खालच्या फळीवर होते.

आत्ताच दुकानातले सगळे सीपीयू वरच्या फळीवर चढवून आलोय. गोणीचं अजून ठरत नाहीये. तुम्ही काय म्हणता?