चेलो ऐकू येईना

मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत गणित शिकवते आणि राहते सौंसरला. रोजच्या बसमध्ये सोबतच्या बाया डुलक्या काढतात, मी खिडकीशी बसून कानात इअरफोन घालते आणि स्ट्रिंग क्वार्टेट ऐकते. दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा एक व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा, खालच्या सुरांचा एक चेलो. ना तबला, ना कोणी गाणारा. अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे युरोपात चार जण दिवाणखान्यात बसून आपसात हे वाजवायचे, असं मी पुढे वाचलं. सुरुवात मात्र चुकून झाली. शाळेच्या कार्यक्रमासाठी व्हायोलिनची धून शोधत होते, ती संपली आणि फोननं आपल्या मनानं पुढचं लावलं. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून बंद करता आलं नाही.

पहिले काही दिवस चौघं एकाच वेळी बोलताहेत असं वाटायचं. कोणाचं ऐकावं ते कळेना. मग मी जाताना फक्त चेलोच्या मागे जायचं आणि येताना व्हायोलाच्या, असं ठरवलं. हळूहळू त्यांचं बोलणं उमगायला लागलं. पहिलं व्हायोलिन एक लकेर घेतं, दुसरं ती अर्धीच उचलतं, व्हायोला मधेच शंका काढतो आणि चेलो खालून सावकाश सगळ्यांना जागेवर आणतो. कधी चौघंही अचानक थांबतात. आता पुढे काय येणार, हे मी मनात मांडून ठेवते आणि येतं भलतंच. गणिताच्या बाईला असं फसायला फार आवडतं.

दोन वर्षांमागे, परीक्षेच्या दिवसांत, सकाळी उठले तर उजवा कान भरल्यासारखा वाटला. काल डोक्यावरून पाणी घेताना कानात गेलं असेल, असं समजून मी बसस्टँडवर गेले. बस निघाली, नेहमीचं क्वार्टेट लावलं, आणि चेलो नाही. बाकी तिघं वाजत होते, पण त्यांच्या पायाखालची जमीन गेली होती. मी वायर हलवली, फोन बंद करून चालू केला. मग इअरफोनची अदलाबदल केली, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. आता चेलो डाव्या कानात ठणठणीत आला आणि पहिलं व्हायोलिन नाहीसं झालं.

इअरफोन चांगला होता. कान गेला होता.

सौंसरच्या पुढे संत्र्याच्या बगिच्यांतून बस चालली होती आणि मी कधी एक, कधी दुसरा कान बोटानं बंद करून बघत होते. वर्गात त्या दिवशी उजवीकडच्या रांगेतून एक मुलगी मला हाका मारत होती आणि मी डावीकडे बघत होते. मुलींना वाटलं, बाई गंमत करताहेत. त्या हसल्या, मीही हसले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो वीज खात्यात आहे. कोणतीही गोष्ट आधी वायरपासून तपासतो.

"इअरफोन खराब झाला असन," तो म्हणाला.

"बदलून पाह्यला मी. उजव्या कानानं काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

"मळ असन. थेंब टाकून पाहू."

"आणि नसला मळ तर?"

माझ्या उजव्या कानाजवळ त्यानं चुटकी वाजवली. त्याची बोटं हललेली मला दिसली, आवाज आला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यानं लगेच दुसऱ्या दिवसाची सुट्टी टाकली.

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी मला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाचं पटापट झालं. उजव्याची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून बसले आणि कितीतरी वेळ बटण दाबायची वेळच आली नाही. काचेपलीकडे तपासणारी मुलगी काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज पाठवत होती. मला रडू आलं, पण रडण्याच्या आवाजात एखादा सूर निसटेल म्हणून तेही दाबून धरलं.

"मळ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतली नस अचानक कमजोर झाली. असं होतं कधी कधी, कारण नेहमीच सापडत नाही. लवकर आलात, हे चांगलं केलं. गोळ्या सुरू करू. गरज पडली तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन देऊ."

"परत येईल ना?"

"काहींचं पूर्ण येतं. काहींचं अर्धं. काहींचं नाही येत."

"आणि दुसरा कान?"

"त्याला सहसा काही होत नाही. पण तुम्ही आता त्याचाच विचार करत बसणार, हो ना?"

मी तेच केलं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे डाव्या कानाजवळ अंगठ्यानं तर्जनी घासून बघायची. ऐकू आलं की पाय खाली टाकायचा. रस्ता ओलांडताना ट्रक कुठून येतोय ते कळेना, म्हणून बसस्टँडपाशी मी दोनदा, तीनदा मान वळवायची. उजव्या कानात आता बारीक शिट्टी सुरू झाली होती, कुकरची शिट्टी लांबून यावी तशी, पण न थांबणारी. रोज मी त्याच क्वार्टेटचा तोच सावकाश भाग लावायची आणि चेलोची वाट बघायची. वाट बघणं हेच मग त्या संगीतात उरलं. बाकी तिघं काय वाजवताहेत, याकडे माझं लक्षच नसायचं.

इंजेक्शनं झाली. आणि एका दुपारी चेलो आला.

आला, पण चुकीचा आला. डाव्या कानात एक सूर आणि उजव्या कानात तोच सूर जरासा चढलेला, कचकचीत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. चौघं जण जन्मात कधी एकत्र बसलेच नसावेत, असे बेसूर. मी इअरफोन ओढून काढले. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, "कान परत येताना असं होतं. चांगली खूण आहे." त्यांना ते चांगलं होतं. मला वाटलं, नसता आला तर बरं होतं. निदान आठवणीत तरी ते सुरात राहिलं असतं. मी ऐकणं सोडून दिलं. बसमध्ये बायांशी बोलायला लागले, डावा कान त्यांच्याकडे करून.

सासूबाईंना माझं हे संगीत कधी आवडलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करताना मी ते फोनवर मोठ्यानं लावायची, तेव्हा त्या म्हणायच्या, "कोणी मेलं का काय तिकडं?" एका रविवारी त्या मेथी निवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "काऊन वं, ते तुह्यं रडगाणं नाही लावत आता?"

"बिघडलं ते, आई."

"ते बिघडलं का तुहा कान बिघडला?"

"कानच. बेसूर ऐकू येते सारं."

"मंग मले तरी लावून दे. मले कुठं सूर समजते? पण ते लागलं की तू चुपचाप काम करते. आता दिवसभर शाळेतल्या पोरींवर वसकते तशी माह्यावर वसकून राहिली."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी लावलं. उजव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि एका कानानं ऐकलं. कोण कुठे बसलंय ते काही कळेना, सगळे एकाच जागी दाटीवाटीनं उभे असल्यासारखे. पण सुरात होते. सासूबाईंची मेथी होईपर्यंत ते चाललं, आणि त्या अर्ध्यातच भिंतीला टेकून झोपल्या.

त्यानंतर रोज थोडं थोडं ऐकत गेले, काही दिवसांनी बोळ्याशिवाय. कचकच कमी झाली. पुढच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी कागदावरची रेघ दाखवली: खालचे सूर बरेच परतले होते, वरचे नव्हते. "हे आता असंच राहील, असं समजून चला," त्या म्हणाल्या.

दवाखान्यातून बाहेर आलो तर नवरा म्हणाला, "चाल, एक ठिकाणी जायचं हाय." त्यानं कुठल्यातरी फलकावर वाचलं होतं, एका लहान सभागृहात दुपारी चार तरुण वादक क्वार्टेट वाजवणार होते. मी कधीच समोर बसून ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. तिथे बेसूर लागलं तर? मधेच उठावं लागलं तर?

आम्ही पार उजव्या टोकाच्या खुर्च्यांवर बसलो, म्हणजे डावा कान वाजवणाऱ्यांकडे राहील. चौघं आले, वाद्यं जुळवली. सुरुवात बरी झाली. मग चौघंही एकदम जोरात वाजवायला लागले आणि उजव्या कानात सळई घुसल्यासारखं झालं. मी तळहातानं कान दाबला.

"निघायचं का?" नवऱ्यानं माझ्या डाव्या कानाशी वाकून विचारलं.

"थांबा जरा."

कान दाबूनच मी बघत राहिले. व्हायोला वाजवणारी मुलगी आपली पाळी यायच्या आधी पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे बघायची, त्यानं श्वास घेतला की हिचा गज उठायचा. चेलोवाल्याची बोटं तारेवर थरथरायची. फोनवर हे कधी कळलं नव्हतं, की ते इतका वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतात, जरा हुकलं तर चौघं पडतील अशा भीतीनं. सावकाश भाग आला तेव्हा मी हात काढला. चेलोचा आवाज दोन्ही कानांत आला. उजव्यात जाडसर, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, पण त्याच सुराचा.

बाहेर पडल्यावर नवऱ्यानं विचारलं, "समजलं का तुले सारं?"

"सारं नाही. वरचं एकाच कानात आलं, बाकीचं पाहून समजलं."

"मले तर काहीच नाही समजलं. पण तो मोठ्या वाद्यावाला हाय ना, तो घामाघूम झाला होता बिचारा."

छिंदवाड्याच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. त्यानं तिकिटं काढली आणि सौंसर येईपर्यंत मी त्याला चौघांपैकी कोण कधी काय म्हणत होतं ते सांगत राहिले. तो हो हो म्हणत ऐकत होता.