ड्रॉवरमधलं सर्टिफिकेट

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. आमच्या सेंटरच्या पत्रकात वनिताची यशोगाथा छापून आली होती. ती मीच लिहिली होती. त्यातली एक गोष्ट गाळली होती.

काशीगावला एक ट्रेनिंग सेंटर होतं. मी तिथे प्लेसमेंट ऑफिसर. शिकून झालेल्यांना नोकरीला लावायचं, हे माझं काम. मोटर वाइंडिंगच्या बॅचमध्ये वनिता एकटीच बाई. पंपाची मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, ते वाइंडिंग. तिचा हात त्यावर लवकर बसला.

फेब्रुवारीत कोर्स संपला. ती म्हणाली, "सर, मी गावी जाते. आमच्याकडं सुपारीच्या वाड्या हायत. उन्हाळ्यात रोज कुणाचा तरी पंप जळतो, नि टेम्पोत घालून तालुक्याला न्यावा लागतो. दिरानं दुकानाला पडवी दिलीय. सर्टिफिकेट दाखवलं की बचत गट मशीन घेऊन देणाराय."

"आणि मुलगा?"

"सासूकडं हाय. सहा वर्षांचा. त्याच्यासाठीच तर घाई."

मी सेंटर हेड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सावंत, स्वतःचं दुकान म्हणजे प्लेसमेंट नाही. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप लागतात. टार्गेटला आपल्याला एकच माणूस कमी पडतोय. नाहीतर पुढची बॅच विसरा."

"तिला काय सांगू?"

"ते तुम्हाला छान जमतं."

जमलं. मी वनिताला म्हटलं, "सर्टिफिकेट वरून यायला तीन महिने लागतात. तोवर काशिमिऱ्याच्या वर्कशॉपमध्ये काम कर."

"तीनच ना, सर?"

"तीनच."

सर्टिफिकेट सही-शिक्क्यासकट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

मे अखेरीला मी ते तिला दिलं. ती गावी गेली आणि आठ दिवसांत परत आली. तालुक्याच्या एका माणसाने एप्रिलमध्येच तिच्या गावात दुकान टाकलं होतं. तेवढ्या गावात दोन दुकानं चालणार नव्हती. ती पुन्हा वर्कशॉपला लागली. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कुटुंबाचं उत्पन्न वाढलं. ते खोटं नव्हतं. इथल्या खोलीच्या भाड्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. मुलालाही नव्हता. फॉर्म जे विचारत नाही ते आपण विचारावं, एवढं मी रिटायर झाल्यावर शिकलो.

गेल्या महिन्यात सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीचा पंप बंद पडला. वर्कशॉपमधून वनिता आली. केस पिकलेले, हात तसाच चपळ. आमच्या सेक्रेटरीला म्हणाली, "इन्होंनेच मेरेको काम पे लगाया."

मी मुलाची चौकशी केली.

"बारावी झाला, सर. फोनवर मला 'तुम्ही' म्हणतो. आजीला 'तू'." ती हसली. "मीच आपली पाहुणी."

पंप सुरू झाला. तिने हात पुसले. मी म्हटलं, "वनिता, तुझं ते सर्टिफिकेट..."

"आहे ना, सर! लॅमिनेट करून खोलीत लावलंय."

मी म्हटलं, "चहा घेऊन जा."