गाडीत विसरलेले पेन

खिशावर शाईचा डाग नसलेला माझा शर्ट घरात एकच आहे, आणि तो बायकोनं लग्नकार्यासाठी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. बाकी सगळ्यांवर डाव्या बाजूला, काळजाच्या बराबर वर, कधी ना कधी पेन ओकलेला आहे. ती म्हणते, "काळीजच निळं हाय तुमचं, कितीबी धुवा."

मी हिंगोलीत एका कचेरीत कारकून. आमचं घराणं देवळातल्या पूजेचं. थोरला भाऊ देव पुजतो, मी फायली पुजतो आणि उरलेल्या वेळात बॉलपेननं चित्रं काढतो. ब्रश, रंग यांच्या वाटेला कधी गेलो नाही. कचेरीत बिघडलेल्या प्रिंटचे कागद ढिगानं निघतात, त्यांची मागची बाजू कोरी असते, तेवढ्यावर माझं भागतं. शिक्षण काही नाही. सावली असेल तिथं रेघा दाट मारायच्या, ऊन असेल तिथं विरळ. थंडीत शाई उतरत नाही, मग रिफील दोन्ही तळव्यांत घासून गरम करायची. टोकाला गोळा जमला की डाव्या अंगठ्याच्या नखावर पुसायचा. आणि खोडायची सोय नाही, हे धरून चालायचं. नाक लांब झालं तर कान मोठे करायचे. एकदा आमच्या साहेबांचं चित्र असं सांभाळून घेत गेलो, तर शेवटी बैल झाला. बैल मात्र झकास झाला होता.

पेन पुरवायचा माझा मित्र. शाळेपासूनचा, माझ्या दोन वर्षं पुढं. गाव कनेरगाव नाक्याजवळ, घरी शेती आणि शेळ्यामेंढ्या, आणि हा एसटीत कंडक्टर. लोक गाडीत फॉर्म भरतात, नंबर लिहून घेतात आणि पेन सीटवर विसरून उतरून जातात. हा ते गोळा करायचा, रबर लावून जुडी करायचा आणि शनिवारी माझ्या पुढ्यात टाकायचा. म्हणायचा, "घे. लोकायच्या विसरभोळेपनावर तुही चित्रकला चालू हाये."

चित्र झालं की पहिलं त्याला दाखवायचं. तो कागद हातभर लांब धरून, मान तिरकी करून, जुनं तिकीट तपासावं तसा बघायचा. निकाल दोनच. जमलं असेल तर "बसला", फसलं असेल तर "उभा हाये". म्हणजे चित्रातल्या माणसाला अजून जागा मिळाली नाही. "उभा हाये" ऐकलं की मला राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर बेट्याचं बराबर निघायचं.

निवृत्तीच्या वर्षीच त्याच्या तोंडावरून वारं गेलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. तोंड हळूहळू ताळ्यावर आलं, डोळा आला नाही. खालची पापणी ओघळलेली, डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसायचा आणि सारखं पाणी यायचं. तो स्वतःच थट्टा करायचा, "एक डोळा कायम ड्युटीवर हाये." मला वाटलं, याला काही वाटत नाही.

निरोपसमारंभ डेपोच्या कॅन्टीनमध्ये होता. लोकांनी शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ असं काय काय दिलं. मी त्याचं चित्र फ्रेम करून नेलं. त्याला समोर बसवून, पण कागद न दाखवता, अकरा दिवस फक्त त्या डोळ्यावर बसलो होतो. ओघळलेली पापणी, कडेला साचलेलं पाणी, सगळं रेघांतून उतरवलं होतं. आजवर काढलेलं माझं सगळ्यात चांगलं चित्र. त्यानं ते सगळ्यांसमोर वर धरलं आणि मागून कुणीतरी म्हणालं, "कंडक्टर डोळा मारून राहिला." सगळे हसले. तोही हसला, पण फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुनियेनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. तू मात्र फ्रेम करून आनलं."

गप्प बसायला पाहिजे होतं. पण आमच्या घराण्यात राग हा वंशपरंपरेनं येतो, शेंडी कापली तरी जात नाही. मी म्हणालो, "दिसलं ते काढलं. खोटं काढायला माझा काय फोटो स्टुडिओ हाय?"

झालं. त्या दिवसापासून अबोला. चौदा महिने.

पेन विकत आणायची वेळ आली. दुकानातला पेन पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखा चालतो, मला त्याची सवय नव्हती. चित्रं काढायचो आणि मोबाईलवर स्टेटसला टाकायचो. स्टेटस कुणी कुणी पाहिलं याची यादी खाली येते. रोज सकाळी त्या यादीत पहिलं नाव त्याचं. बोलणं नाही, फोन नाही, पण बघायचा. मीही त्या एका नावासाठी रोज काढत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बायको म्हणाली, "दोन म्हातारे लपाछपी खेळून राहिले. फोन करा की."

"मी काहून करू?"

"मग बसा तसेच. कुनीतरी मेल्यावरच बोलसान."

शेवटी मीच मऊ झालो. ठरवलं, त्याचं नवीन चित्र काढायचं आणि माफी मागायची. मिशा झाल्या, टोपी झाली, कानावर खोचलेला पेन झाला. डोळ्यांपाशी गाडी अडली. आहे तसा काढावा तर पुन्हा भांडण. दोन्ही सारखे काढावे तर चित्र उभंच राहणार. तीन दिवस कागद तसाच पडून होता. मग मी पळवाट काढली. पूर्वी नाक्यावरच्या ढाब्यात जेवला की हा तिथंच बाजेवर आडवा व्हायचा. तसे दोन्ही डोळे मिटून टाकले. निळी रिफील मिशांपर्यंतच पुरली होती, म्हणून वरचं सगळं काळ्यानं. खाली लिहिलं, "मित्रा, माफ कर. बोलायचं राहूनच गेलं." सकाळी आठला स्टेटसला टाकलं आणि हलका होऊन कचेरीत गेलो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पहिल्यांदा नुसते जोडलेले हात आले. मला वाटलं, लोक माझ्या कलेला नमस्कार करून राहिले. मग "भावपूर्ण श्रद्धांजली" आलं. मग "कधी गेले?" शेजारच्या टेबलावरचा कारकून येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सावरा." चहावाला कप ठेवताना हळूच म्हणाला, "साब, भला आदमी था." तेव्हा कुठं मी ते चित्र लोकांच्या नजरेनं बघितलं. मिटलेले डोळे, काळी शाई, खाली माफी. आमच्याकडं एरवी माणसाचा एकट्याचा चेहरा स्टेटसला दोनदाच चढतो, वाढदिवसाला आणि गेल्यावर. आणि वाढदिवसाला कुणी डोळे मिटत नाही.

मला हसू आलं. "अहो, जिवंत आहे तो" असं एकेकाला कळवत सुटलो, पण तोवर कुणीतरी चित्राला झेंडूच्या फुलांची चौकट लावून चार ग्रुपवर पाठवलं होतं. आता त्यानंच बघितलं म्हणजे खैर नाही, म्हणून यादी उघडली.

यादीत त्याचं नावच नव्हतं.

अकरा वाजले होते. चौदा महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. फोन लावला, बंद. वहिनींचा लावला, तो सारखा दुसऱ्या कॉलवर. चित्र माझं, चूक माझी, मेला नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मनात आलं, इतके लोक म्हणतात, आणि यानं पाहिलं नाही. रजेचा अर्जही न देता स्कूटर काढली आणि त्याच्या गावाकडं, वाशिम रोडला लागलो.

त्याच्या दारात वीसेक चपला. इतक्या चपलांचे अर्थ दोनच, आणि त्या घरात लग्नाचं कुणी नव्हतं. कळमनुरीहून त्याची बहीण जीप करून आली होती आणि ओसरीत रडत होती. वहिनी खांबाला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, सकाळी शेळ्या घेऊन गेलेत. कालपासून लाईट न्हाई, यांचा फोन बंद हाय. लोक वरच्या शेताकडं पाहायला गेलेत. तुमाला कुटून कळलं?"

ते माझ्याकडूनच सुटलं, हे सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मी त्या चपलांशेजारी खाली बसलो आणि खरंच रडलो. चौदा महिने मी कशासाठी वाया घालवले होते ते मला एकदम कळलं, आणि सांगायला माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन हा ओढ्याच्या बाजूनं आला. गर्दी बघून थबकला आणि म्हणाला, "कोन गेलं?"

बहिणीनं उठून त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि त्याच पाठीला मिठी मारली. त्याची नजर माझ्यावर गेली. चौदा महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य असं होतं: "तू काहून रडून राहिला बे?"

उलगडा झाल्यावर सगळी ओसरी माझ्यावर उलटली. बहीण म्हणाली, "या कारकुनानं जित्या मानसाला मारलं." वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "असू द्या. मागल्या आठवड्यात यांच्या डोक्याला कावळा शिवला व्हता. खोटी बातमी धाडा म्हनलं, तर ऐकलं न्हाई. भाऊजीनं धाडली, बरं झालं."

कावळा शिवला तर मरणाची खोटी बातमी सोयऱ्यांना धाडायची, ते रडले की संकट टळतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. लोक म्हणाले, आयुष्य वाढलं कंडक्टरचं, आणि चहा प्यायला बसले. खरंच कावळा शिवला होता का, हे मी वहिनींना नंतर तीनदा विचारलं. त्या विचारतात, साखर घालू का अजून.

लोक पांगल्यावर तो बाजेवर बसला. माझा मोबाईल घेतला, हातभर लांब धरला, मान तिरकी केली.

"डोळे काहून झाकले?"

"हायत तसे काढले तर तू रुसतो. सारखे काढले तर तो तू न्हाई."

"माहा हा डोळा मिटतच न्हाई," तो म्हणाला. "झोपेत बी उघडा राह्यते. रुमाल बांधून निजतो मी. तू झाकला कसा?"

तोच पुढं म्हणाला, "लोक हसले म्हनून नव्हतो रुसलो. अकरा दिवस तू या डोळ्याकडं पाह्यत होता. एकदा तरी विचारलं, तकलीफ होते का म्हनून?"

नव्हतं विचारलं. पापणीची एकेक रेघ मला पाठ होती, आणि एवढं विचारायचं सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "होते का?"

"होते. वारा लागला की लई चुरचुरते."

तो उठून आत गेला आणि रबर लावलेली पेनांची एक जुडी घेऊन आला. शेवटच्या आठवड्यात गाडीत सापडलेले. समारंभाला खिशात घेऊन आला होता, द्यायचं तसंच राहिलं. रबर हात लावताच तुटलं. बहुतेक पेन वाळले होते. एक त्यानं उचलला, रिफील काढून दोन्ही तळव्यांत घासघास घासली, पुन्हा बसवली आणि माझ्या हातात दिला. "काढ आता. दोन्ही उघडे. जसे हायत तसे."

वहिनींनी जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट उसवून दिलं, त्याच्या आतल्या बाजूवर काढलं. मध्येमध्ये थांबून मी विचारायचो, "वारा लागून राहिला का?" आणि तो म्हणायचा, "गप काढ." चुकलेल्या रेघा तशाच ठेवल्या. डाव्या डोळ्याखाली एक गोळा सांडला, तोही पाणी म्हणून चालून गेला.

त्यानं कागद हातभर लांब धरला, मान तिरकी केली. मग म्हणाला, "बसला." माझ्याकडून पेन घेतला आणि चित्राखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "जित्ता हाये."

मी फोटो काढून स्टेटसला टाकला. थोड्या वेळानं लाईट आली. त्यानं फोन चार्जिंगला लावला आणि माझ्या शेजारी बसूनच स्टेटस उघडलं. मी माझी यादी बघितली. पहिलं नाव त्याचं होतं.