ज्येष्ठमधाच्या वड्या आणि एक जबाब

ती घटना विसरायचा प्रयत्न केला, पण खोकल्याची वडी कुणी पुढे केली की आठवतेच.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्यात गुन्हे शोध पथकाचा प्रमुख होतो. नशेच्या गोळ्यांनी शहराला पिडलं होतं आणि वरून रोज विचारणा व्हायची. अशात एका खबऱ्याने औरंगपुऱ्यातल्या बोळातल्या एका दुकानाची खबर आणली. तिथे एक म्हातारे गृहस्थ घरी केलेल्या ज्येष्ठमधाच्या वड्या विकत. घसा बसला की मास्तर, वकील, कीर्तनकार त्यांच्याकडेच जात.

"साहेब, गिऱ्हाईक येतंय, तोंड उघडत नाय," खबऱ्या म्हणाला. "एक नायतर दोन बोटं दाखवतंय, म्हातारा पुडी देतोय. वडीत कायतरी मिसळलंय बघा."

मला ते पटलं. खरं तर तेच ऐकायला मी टपलो होतो. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले दोन शिपाई तिथे उभे केले. दोन बोटं दाखवून पुडी घेतलेल्या एका माणसाला त्यांनी ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, धिप्पाड, पायजमा-टोपीतला. खिशात लासूर स्टेशनचं तिकीट. स्टेशन डायरीत नोंद करून मी चौकशी सुरू केली.

तो बोलेना. घशाकडे बोट दाखवलं, हात जोडले, मग हवेत बोटाने लिहून दाखवलं. माझे हवालदार वयाने माझ्याहून मोठे. ते म्हणाले, "साहेब, कागद मागतोय. देऊ का?"

"नको. तोंडानं सांगू द्या."

यामागे माझं एक तत्त्व होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. कागद दिला की माणूस विचार करतो, विचार केला की खोटं रचतो. तोंडाने घाईत बोलताना खरं निसटतं. नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. मी टेबलावर काठी आपटली. त्याच्या अंगाला हात लावला नाही, असं समाधान पुढे बरीच वर्षं मी स्वतःचं करून घेत होतो.

शेवटी तो बोलला. आवाज फाटका, खरखरीत. "ऐकू येत नाही, मोठ्यानं," मी म्हणालो. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. धंदा काय, तर बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणं. "लिलाव पुकारतोस आणि आवाज नाही? कुणाला बनवतोस?" हे दोन तास चाललं. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. हवालदारांनी मला न विचारता त्याला पाणी दिलं.

तोवर पथक दुकानदाराला घेऊन आलं होतं. या माणसाला पाहून म्हातारे दारातच थबकले.

"याला बोलायला लावलं का तुम्ही?"

"का?"

"घशाचं आपरेशन झालंय त्याचं, नऊ दिस झाले. डॉक्टरनं पंधरा दिस एक शब्द काढू नको म्हणलंय. घसा कोरडा पडू नये म्हणून डॉक्टरला इचारूनच वडी नेतोय."

"आणि ती बोटं?"

"माझ्या दुकानात घसा बिघडलेल्यानं बोलायचं नाय, हा नियमच हाय. एक बोट साधी वडी, दोन बोटं अडुळशाची. तीस वर्षं झाली. औरंगपुऱ्यात कुणालाबी इचारा."

कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, तर म्हाताऱ्यांचा शब्दन्‌शब्द खरा निघाला. दोघांना सोडून दिलं. वड्यांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल यथावकाश आला: ज्येष्ठमध, अडुळसा, साखर, डिंक. माझ्यावर ठपका आला नाही, कारण तक्रारच कुणी केली नाही.

काही महिन्यांनी लासूरकडे काम निघालं, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्या लिलाववाल्याच्या बाजारात गेलो. कांद्याच्या ढिगाशी दुसराच कुणी भाव पुकारत होता. हा मागे वजनकाट्याजवळ गोण्या शिवत बसला होता. मला पाहून उठला, बसायला स्टूल दिलं. त्याचं बोलणं आता हातभर अंतरावरून जेमतेम ऐकू येत होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"जखम उकलली म्हणले. आता पुकारायचं जमणार नाय."

मला राहवलं नाही. "मग त्या दिवशी बोललात कशाला? नाही म्हणजे नाही, म्हणून बसायचं."

त्याने हातातली सुई गोणीत खोचली. त्याच्या नजरेत राग नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"साहेब, पोलिसाला नाय कसं म्हणायचं असतं?"

लोक आपल्याला नाही म्हणत नाहीत, याला मी आयुष्यभर माझी हुशारी समजत आलो होतो. ती हुशारी नव्हती, समोरच्याची भीती होती. त्यानंतर माझ्यासमोर आलेल्या प्रत्येकाला मी आधी पाणी दिलं आणि ज्याने मागितला त्याला कागद दिला. त्याचा फायदा इतरांना झाला, त्या माणसाला नाही. त्या दिवशी बाजारात मी गेलो होतो माफी मागायला. "औषधपाणी चालू ठेवा," एवढंच म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.