विशाखाची विहीर

कल्पना करा, अंगणात सुंभाची बाज टाकली आहे. तिच्यावर पालथे झोपा. छाती काठापर्यंत पुढे घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतील. आता उजवा हात लांब करा आणि तळव्याने खाली दाबत मांडीपर्यंत आणा. तो मागे पोचायच्या आत डावा पुढे निघायला हवा. पाय कमरेतून हलवा, गुडघ्यातून नाही. मान बाजूला वळवून श्वास घ्या. थोड्या वेळाने सुंभ टोचायला लागेल, खांदे भरून येतील. पण अवघड ते नाही. हाताला काहीच लागत नाही, हे अवघड आहे. पाण्याला वजन असतं, त्यावरच पोहणारा पुढे सरकतो. हवेवर जोर तरी कुठे लावणार?

१९९४ साली, नवरात्राच्या सुमारास, सुरतेच्या नवागामची विशाखा शहाद्याकडच्या आपल्या गावी रोज सकाळी अशी बाजेवर पोहत होती. आदल्याच वर्षी तिने चारशे मीटरमध्ये राज्य स्पर्धेचं सोनं घेतलं होतं. वय सतरा. गल्लीतली पोरं बाजेभोवती जमायची. एक जण म्हणायचा, "ताई, बाज कुठपर्यंत पोचली? तापीवरचं प्रकाशा आलं का?" तीही हसायची. मान खाली असली की चेहरा दिसत नाही, हे एक बरं होतं.

पोहायला ती याच गावात शिकली होती. वडील श्रीपत उधन्याला लूमवर कामाला, आई सोनाबाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं तिला गावी आजोबांकडे सोडत. आजोबा म्हणजे धुडकूबाबा. गावविहीर पायऱ्यांची होती. धुडकूबाबांच्या लहानपणी बौद्धवाड्यातल्या माणसाला त्या पायऱ्यांवर पाय ठेवता येत नव्हता. कोणीतरी वरून ओतेल तेव्हा पाणी. पुढे दिवस बदलले. धुडकूबाबा तरुणपणी त्या पायऱ्या उतरले आणि नंतर म्हातारपणापर्यंत रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर जाऊन बसत राहिले. काम काही नसायचं. नुसते बसायचे.

नातीच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी तिला त्याच विहिरीत सोडलं. गावातल्या सगळ्याच मुलांबरोबर ती तिथे डुंबली. कोणी काही बोललं नाही. उलट रघुनाथकाका, श्रीपतचे शाळासोबती आणि आता ग्रामपंचायतीचे सदस्य, वरून पेरू टाकायचे आणि जो आधी पोचेल त्याला तो मिळायचा. पेरू बहुतेक वेळा विशाखाच खायची.

विहिरीने तिला एक गोष्ट दिली, जी तलावात शिकलेल्या मुलींकडे नव्हती. विहीर अरुंद. चार हात मारले की समोर दगड येतो. त्यामुळे पोहणं म्हणजे सारखं वळणं आणि पायाने भिंतीला रेटा देणं. सुरतेच्या तरणकुंडावर शाळेची सहल गेली तेव्हा प्रशिक्षक मगनसरांनी तिला पोहताना पाहिलं. हात वेडेवाकडे पडत होते, पण प्रत्येक भिंतीपाशी ती बाकीच्यांपेक्षा अंगभर पुढे निघत होती. त्यांनी तिला काठावर बोलावलं.

"कोणे शिखव्यू तने?"

"आजोबांनी. विहिरीत."

"हात हुं सुधारीश," सर म्हणाले. "पग भगवाने आप्या छे."

"पाय भगवानाने नाही सर, आजोबांनी दिलेत," विशाखा म्हणाली, आणि सर खूप वेळ हसत राहिले.

सरांनी हात सुधारले. जिल्हा झाला, राज्य झालं. आता ऑक्टोबरात राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. पहिल्या दोघी जाणार होत्या. राष्ट्रीय स्पर्धेत नाव झालं की रेल्वेत नोकरी लागते, हे श्रीपतने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

आणि सप्टेंबरात शहरात प्लेग आला. तरणकुंडाला कुलूप लागलं. शेजारच्या खोल्यांमागून खोल्या रिकाम्या होऊ लागल्या.

"तलाव बंद आहे ना? मग गावी चला," श्रीपत म्हणाला. "विहीर काय बंद पडणार आहे?"

"मगनसर थांब म्हणतात," सोनाबाई म्हणाली. "चार-आठ दिवसांत उघडेल म्हणतात."

"तोवर काय सर तिला बादलीत पोहायला लावणार?"

विशाखालाही ते पटलं. जिथे शिकलो तिथेच सराव करू. तोंडाला फडकी बांधून तिघं गावी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहायचे कपडे आत घालून, वर पंजाबी ड्रेस चढवून विहिरीवर गेली. काठावर रघुनाथकाका आणि आणखी दोघं-तिघं बसले होते.

"कथा चालनी व माय?" काकांनी विचारलं.

"पोहायला, काका. स्पर्धा जवळ आली."

काका उठून पायऱ्यांपाशी आले. "आता काही दिवस नको उतरू, बेटा. सुरतेहून आलात तुम्ही. सगळं गाव हे पाणी पितं."

"आम्ही गोळ्या घेतल्यात, काका. आणि हा आजार पाण्यातून नाही येत."

"तू शिकलेली. तुला ठाऊक असेल. लोकांना कोण समजावणार?"

मागून एक जण म्हणाला, "तुमच्या वस्तीला हातपंप दिलाय ना? तिथे कर की आंघोळ."

विशाखाला आंघोळ करायची नव्हती. पण ते न सांगताच ती परतली.

श्रीपत तडक विहिरीकडे निघाला, तेव्हा धुडकूबाबांनी त्याचा हात धरला. "बस खाली. लोकांना भ्या वाटस. रोग से तो, रोग." दिवसभरात त्यांनी तो शब्द कितीतरी वेळा म्हटला. कोणी काही विचारलं नाही तरी म्हणत होते. त्या संध्याकाळी मात्र ते काठावर बसायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग ती बाज. सराव तुटू नये म्हणून मगनसरांनी पूर्वी कधीतरी शिकवलेला कोरडा व्यायाम.

काही दिवसांनी वरच्या आळीतला, सवर्णांच्या घरचा योगराजही गावी आला. कडोदऱ्याला मामाच्या कारखान्यात तो लूम चालवायचा, म्हणजे तोही सुरतेचाच. एका सकाळी विशाखाने त्याला वाटेने येताना पाहिलं. केस ओले, खांद्यावर ओला टॉवेल. ती वाट विहिरीवरून येते, आणि त्याच्या घरच्या मळ्यावरूनही येते.

"बाबा, योगराज विहिरीवर न्हाला का?"

"मळ्यात पंप आहे त्यांचा," धुडकूबाबा लगेच म्हणाले. त्यांनी वाटेकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

चाचणीच्या तोंडावर ती सुरतेला परतली. पोहणाऱ्याच्या हाताला पाण्याची एक ओळख असते, आणि काही दिवस पाणी सुटलं की ती विरते. हात पडतात, पण पाणी निसटतं. तिला ते चाचणीच्या पहिल्याच फेरीत कळलं. तरीही ती दुसऱ्या जागेवर होती. शेवटच्या वळणावर अंदाज चुकला. भिंत जरा लांब राहिली, पाय नुसते घासले, रेटा बसलाच नाही. मागची एक मुलगी तिथून पुढे गेली. ती तिसरी आली.

आजवर प्रत्येक शर्यत तिने भिंतीपाशी जिंकली होती.

मगनसरांनी तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि ते शेजारी बसून राहिले. ती आणखी दोन मोसम पोहली. जिल्ह्यात पहिली यायची, पण संघात कधी निवड झाली नाही. कमी वेळ नोंदवायला जी ओढ लागते ती उरली नव्हती. आता सकाळी त्याच तरणकुंडावर ती मुलींना शिकवते. वळायला शिकवताना तिचा आवाज उगाच चढतो, असं मुली म्हणतात.

धुडकूबाबा शहाण्णव साली गेले. रघुनाथकाका वस्तीत आले होते. शेवटपर्यंत थांबले, श्रीपतला धरून रडले. विशाखा त्यांच्याकडे पाहत राहिली. पेरू टाकणारे काका तेच, आणि पायऱ्यांपाशी उभे राहिलेले काकाही तेच. त्या दिवशी काही विचारणं बरं नव्हतं.

गेल्या वर्षी कडोदऱ्याच्या बसथांब्यावर योगराज भेटला. अंगाने भरलाय, लग्न झालंय. "अजून पोहतेस का गं?" त्याने आपुलकीने विचारलं. विशाखाच्या ओठांवर त्या सकाळचा प्रश्न आला होता. बस लांबच होती, वेळही होता. ती म्हणाली, "शिकवते." तो निघून गेला.

त्यालाही उतरू दिलं नसेल, तर तो खरंच रोग होता. मग बाबा खरं बोलले, आणि ती फक्त एका वाईट वर्षात हरली. पण उतरू दिलं असेल तर बाबांच्या काठावरच्या साऱ्या संध्याकाळींचं काय करायचं, हे तिला समजत नाही. म्हणून ती विचारत नाही. आणि म्हणूनच तिला ते कळायला हवं आहे.

त्या सकाळी योगराजचे केस कुठल्या पाण्याने ओले झाले होते?