वळख दूधनी नही

आमचे शिपाई तुळशीराम नाना टँकरच्या झाकणावरच्या सीलचा नंबर दोनदा वाचायचे. एकदा सुलट, एकदा उलट. नशिराबादजवळच्या आमच्या दूध केंद्राच्या फाटकावर रोज सकाळी हे पारायण चाले. मागे टँकर खोळंबलेले, आणि मी, डेअरीची पदवी घेतलेला नवा साहेब, घड्याळ बघत उभा. एखादा ड्रायव्हर वैतागे, "नाना, वीस वरीसनी वळख शे आपली!" धुळ्याकडचे नाना मान वर न करता म्हणत, "वळख तुनी शे भाऊ, दूधनी नही."

त्या आठवड्यात वाहतुकीचा ठेका गेलेल्या एका माणसानं धमकी दिली होती, "तुमचं दूध गाव कसं पितं ते बघतो." मी हसण्यावारी नेली. नाना मात्र फाटक सोडून चहालाही जाईनात.

एका सकाळी ते मागच्या टँकरपाशी असताना पुढच्या टँकरचं चलान माझ्या हाती आलं. सीलचे शेवटचे दोन आकडे जुळेनात. ड्रायव्हर जुना, घाम पुसत म्हणाला, "लिहिणाऱ्यानं चूक केली, साहेब." मला पटलं, चुका करणाऱ्यांवर माझा फार विश्वास. मी चलानावरचा नंबर खोडला, सीलवरचा लिहिला, ऐटीत सही ठोकली आणि पाइप जोडायला सांगितलं.

"थांबा!" नाना धावत आले. "नंबर कोनी खोडा?"

"मी. दूध चांगलं आहे हो." फॅट, पाणी, वास, सगळं तिथल्या तिथे तपासून दाखवलं. तरी ते व्हॉल्व्हवरचा हात काढेनात. टाकीत आधीचं दूध होतं, पाकिटं भरणं सुरू होतं, जळगावहून फोनवर फोन. मी चिडून पेला भरला. "हे बघा, पितो!"

पेला ओठाशी पोचला आणि नानांनी असा फटका मारला की तो फाटकाबाहेर गडगडत गेला. शिपायानं साहेबाच्या हातावर मारलेलं सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही.

ड्रायव्हर मटकन खाली बसला. ढाब्यावर जेवून परतला तर सील तुटलेलं. नोकरीच्या भीतीनं त्यानं दुसरं लावलं होतं. नमुना प्रयोगशाळेत गेला. संध्याकाळपर्यंत मी पाच वेळा तोंड धुतलं, दूध ओठाला लागलं नव्हतं तरी. अहवाल आला: कपाशीवर फवारायचं औषध.

"नाना, तुम्ही माझा जीव वाचवलात."

"तुमना जीवना काय साहेब?" नाना शांतपणे म्हणाले. "तुम्ही तं हट्टानं पेत व्हतात. पाकीट फोडीसन पोरले पाजनारी बाई कोनले ईचारती?"

मग त्यांनी फाटकाची वही माझ्यापुढे सरकवली. नंबर कोणी बदलला, तो रकाना कोरा होता. ड्रायव्हरची नोकरी तर गेल्यातच जमा होती. त्याचं नाव खपून गेलं असतं. माझ्या मनात ते येऊनही गेलं. नानांना ते दिसलं असावं.

"लिखा," ते म्हणाले. "तुमना हातनं."

मी लिहिलं. वर्षभर फाटकावर सही करायचा अधिकार गेला. नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या वहीत माझं नाव अजून आहे. माझ्या सगळ्या नोकरीत कुणाच्याही सल्ल्याशिवाय खरं लिहिलेली ती एकच ओळ. सल्ला नव्हता, हुकूम होता.